घड्याळाशी बांधलेला संगणक

शाळेचे वेळापत्रक लावण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांना या लेखातील निम्मी अडचण आधीच ठाऊक असणार. वर्ग बारा, शिक्षक नऊ, प्रयोगशाळा एक. गणित शेवटच्या तासाला नको, खेळाचा तास भर उन्हात नको. सगळे जमवून कागद फळ्याशेजारी लावावा, तोच एक शिक्षक निवडणुकीच्या कामावर जातात आणि त्यांचा एक तास हलवताना सगळे वेळापत्रक उसवून पुन्हा शिवावे लागते.

नेमकी हीच अडचण काही संगणकांपुढे उभी असते. आपण पत्र टंकतो किंवा गुणपत्रक तयार करतो तो संगणक थोडा रेंगाळला तर आपण चहा घेऊन येतो, एवढेच. पण जो संगणक मोटारीचा ब्रेक सांभाळतो, विमानाचे पंख हलवतो किंवा हृदयाच्या ठोक्यावर लक्ष ठेवतो, त्याला रेंगाळण्याची मुभा नसते. परीक्षेची शेवटची घंटा झाल्यावर सुचलेले अचूक उत्तर जसे शून्य गुणांचे, तसेच इथेही उशिरा आलेले बरोबर उत्तर चूकच धरले जाते. अशा यंत्रांत कोणते काम कोणत्या क्षणी करायचे हे ठरवणाऱ्या मूळ आज्ञावलीला रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला वक्तशीर कार्यप्रणाली म्हणू.

वक्तशीर म्हणजे वेगवान नव्हे, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, कारण हा गैरसमज जाणकारांतही होता. १९८८ मध्ये जॉन स्टँकोविक या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने या विषयातील गैरसमजांवर एक स्वतंत्र लेखच लिहिला आणि त्यात या गैरसमजाचा समाचार घेतला. एखादी एस.टी. सरासरीने वेळेवर येते, एवढ्यावर मुलाखतीला निघालेल्या माणसाचे समाधान होत नाही. आज, या फेरीला, जास्तीत जास्त किती उशीर होऊ शकतो, हे त्याला कळायला हवे असते. वक्तशीर प्रणालीचे सारे शास्त्र या 'जास्तीत जास्त'भोवती फिरते.

चंद्राच्या वाटेवरील कारभारी

सुरुवातीच्या अभियंत्यांनी मार्ग धरला तो वेळापत्रकाचाच. सेकंदाचे समान तुकडे पाडायचे, पहिल्या तुकड्यात हे काम, दुसऱ्यात ते, आणि चक्र पूर्ण झाले की पुन्हा पहिल्यापासून. यात मोठी सोय होती. यंत्र कोणत्या क्षणी काय करत असेल हे कागदावर आधीच लिहिलेले असे आणि चाचणी घेणेही सोपे जाई. मात्र लांबलचक काम असेल तर त्याचे तुकड्यांच्या मापाने बळेच भाग पाडावे लागत, आणि एक काम बदलले की सगळे वेळापत्रक उसवावे लागे.

अपोलो यानांच्या संगणकासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या म्हणजे एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत जे. हॅल्कोम लॅनिंग यांनी १९६०च्या दशकात वेगळा मार्ग काढला. त्यांनी प्रत्येक कामाला एक अग्रक्रमांक दिला आणि एक छोटी कारभारी आज्ञावली लिहिली. हाती असलेल्या कामांपैकी सर्वांत वरच्या क्रमांकाचे काम आधी, एवढाच कारभाऱ्याचा नियम. चालू असलेले काम थोड्या थोड्या वेळाने डोके वर करून पाही, आपल्याहून मोठे कोणी दारात उभे आहे काय? असल्यास ते बाजूला सरके. ज्या यंत्रात हे चालायचे त्याची बदलती स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती, आणि हे शब्द १५ बिटांचे. एका पानावरील मजकूर साठवतानाही ती कशीबशी पुरली असती. प्रत्येक चालू कामाला या स्मृतीतील १२ शब्दांचा एक कप्पा मिळे आणि असे कप्पे बोटांवर मोजण्याइतकेच होते.

२० जुलै १९६९ रोजी 'ईगल' चंद्राकडे उतरत असताना या संगणकाच्या छोट्या पडद्यावर १२०२ हा आकडा झळकला. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात मार्गदर्शनाची जबाबदारी २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सवर होती आणि त्याचा पाठीराखा जॅक गार्मन त्याच्याहूनही लहान होता. परत फिरायचे की उतरायचे, हे काही सेकंदांत सांगायचे होते.

सुदैव असे की, उड्डाणापूर्वी काही दिवस झालेल्या सरावात असाच एक इशारा मुद्दाम दिला गेला होता. तेव्हा बेल्सने मोहीम सोडून द्यायला सांगितले होते आणि तो निर्णय चुकीचा ठरला होता. त्यानंतर गार्मनने अशा सर्व इशाऱ्यांची यादी हाताने लिहून काढली आणि जवळ ठेवली. १२०२ चा अर्थ होता, 'नव्या कामासाठी कप्पा शिल्लक नाही.' इशारा सतत येत नसेल आणि यानाचा मार्ग बरोबर असेल तर उतरायला हरकत नाही, असे गार्मनने सांगितले, बेल्सने तसा कौल दिला आणि उतरणे चालू राहिले. असे इशारे एकूण पाच वेळा आले, चार वेळा १२०२ आणि एकदा १२०१.

कप्पे भरले कशाने? परतीच्या वेळी लागणारे एक रडार त्या क्षणी चालू स्थितीत होते. त्याला आणि संगणकाला वीज देणाऱ्या दोन पुरवठ्यांची वारंवारता एक असली तरी त्यांच्या लहरींचा ताल जुळलेला नव्हता. त्यामुळे रडारकडून संगणकाकडे निरर्थक स्पंदांचा मारा सुरू झाला, सेकंदाला १२,८०० पर्यंत. प्रत्येक स्पंद मोजताना संगणकाचे ११.७ मायक्रोसेकंद खर्च होत. हा गुणाकार वर्गात जरूर करून घ्यावा. उत्तर ०.१५ सेकंद येते, म्हणजे दर सेकंदातील सुमारे १५ टक्के वेळ कोणतेही काम न करता निघून जात होता. संगणकापाशी फावला वेळ जेमतेम तेवढाच होता. त्यात ऑल्ड्रिनने उंचीतील फरक पडद्यावर सतत दाखवण्याची आज्ञा दिली की पारडे कलत असे. दर दोन सेकंदांनी सुरू होणारे मार्गदर्शनाचे मुख्य काम आधीचे संपण्यापूर्वीच पुन्हा दाराशी येई, आणि कप्पे अडकून पडत.

अग्रक्रमामुळे बिनमहत्त्वाची कामे आपोआप गळून पडली आणि यान वाचले, अशी ही गोष्ट बहुधा सांगितली जाते. ती अर्धी खरी आहे. कप्पे संपल्यावर संगणक सगळी कामे झटकून नव्याने सुरू होई आणि जी कामे मोलाची म्हणून आधी नोंदवून ठेवली होती तेवढीच, जिथे थांबली होती तिथून, पुन्हा उचली. ऑल्ड्रिनने मागितलेला आकडा त्या नोंदीत नव्हता, म्हणून तो पुसला जाई आणि भार हलका होई. कोलमडावे लागलेच तर कसे कोलमडावे, याचा विचार लॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून ठेवला होता. आम्हाला या साऱ्या प्रकरणात थोर वाटते ते हेच.

एक गणित आणि त्यातील एक शब्द

लॅनिंग यांची पद्धत चालली, पण ती चालेलच याची हमी कोण देणार? कामांना क्रमांक द्यायचे ते कोणत्या न्यायाने? याचे पहिले पक्के उत्तर जानेवारी १९७३ मध्ये छापले गेले. लेखक होते एम.आय.टी.चे सी. एल. लिऊ आणि कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे जेम्स लेलँड. ही प्रयोगशाळा म्हणजे ग्रहांकडे जाणारी याने बांधणारी संस्था. तिचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

उत्तर ऐकायला विचित्र वाटते. कामाचे महत्त्व पाहू नका, ते किती वेळा करावे लागते ते पाहा. जे वारंवार येते त्याला वरचा क्रमांक द्या. एक उदाहरण घेऊ. एक काम दर २ मिनिटांनी येते आणि त्याला १ मिनिट लागते. दुसरे दर ५ मिनिटांनी येते आणि त्याला २ मिनिटे लागतात. प्रत्येक काम पुढच्या खेपेपूर्वी संपले पाहिजे. दुसरे काम 'महत्त्वाचे' म्हणून आधी घेतले तर पहिली २ मिनिटे त्यातच जातात आणि पहिल्या कामाची वेळ टळते. उलट पहिले आधी घेतले तर दुसऱ्याला मधल्या फटींतून २ मिनिटे मिळतात आणि ते चौथ्या मिनिटाला संपते. दोघेही वेळेवर.

लिऊ आणि लेलँड यांनी असेही सिद्ध केले की, या नियमाने चालल्यास दोन कामांचा एकूण भार ८२.८ टक्क्यांपर्यंत असेल तर काहीही चुकत नाही आणि कामे कितीही वाढली तरी ६९.३ टक्क्यांपर्यंत हमी कायम राहते. वरच्या उदाहरणात भार ९० टक्के असूनही जमले, कारण ही मर्यादा हमीची आहे. तिच्यापुढे कधी जमते, कधी जमत नाही. दुसऱ्या कामाला २ ऐवजी अडीच मिनिटे दिली तर हा नियम फसतो. पण क्रमांक कायमचे न देता दर क्षणी 'ज्याची मुदत आधी संपते ते आधी' असे केले, तर शंभर टक्के भारही पेलतो, हेही त्याच निबंधात आहे. विद्यार्थ्यांनी चौकटीच्या कागदावर दहा मिनिटांचा आराखडा मांडून हे पडताळून पाहावे.

गणित निर्दोष होते. मात्र त्यातील गृहीतकांत एक शब्द होता, 'स्वतंत्र'. कामे एकमेकांपासून स्वतंत्र असावीत, कोणालाही दुसऱ्यासाठी थांबावे लागू नये. कारखान्यांतून आणि यानांतून चालणारी कामे अशी कधीच नसतात.

दरम्यान उद्योगाचे लोक आपल्या वाटेने जात होते. स्पेस शटलमध्ये चार मुख्य संगणक अग्रक्रमाच्या पद्धतीने चालत आणि पाचवा राखीव संगणक काटेकोर वेळापत्रकाच्या पद्धतीने. मुख्य चौघांच्या आज्ञावलीतच चूक असेल तर ती पाचव्यात नसावी, म्हणून तो दुसऱ्या कंपनीकडून लिहून घेतला होता. १० एप्रिल १९८१ रोजी कोलंबियाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी जेमतेम २० मिनिटे उरली असताना पाचव्याचा चौघांशी मेळ बसेना. उड्डाण त्या दिवसापुरते रद्द झाले. शोध घेता कळले की, पूर्वी केलेल्या एका किरकोळ बदलामुळे मुख्य संगणक सुरू होताना काही कामे एक फेरी आधीच धावण्याची शक्यता निर्माण झाली होती. शक्यता ६७ मध्ये एक. संगणक नव्याने सुरू केले तर मेळ जमण्याचीच शक्यता फार मोठी होती. तो जमला आणि १२ एप्रिलला कोलंबिया उडाले. या चुकीची हकीकत पुढे लिहिली ती जॅक गार्मन यांनीच, ज्यांच्याजवळ १९६९ मध्ये ती हस्तलिखित यादी होती.

सदुसष्टात एक! वक्तशीर प्रणालींचे दोष असेच असतात. शोधायला जावे तर सापडत नाहीत.

शिक्का कोणाकडे आहे?

आता त्या 'स्वतंत्र' शब्दाकडे वळू. एका शाळेत शिपाई एकच आहे. मुख्याध्यापकांचे काम आधी, मग शिक्षकांचे, शेवटी लेखनिकाचे, असा नियम आहे. शिपाई लेखनिकाचे दाखले घेऊन बसला आहे आणि शाळेचा शिक्का त्या गठ्ठ्यात आहे. गठ्ठा पुरा झाल्याशिवाय शिक्का हलवायचा नाही. इतक्यात मुख्याध्यापकांना एका पत्रावर शिक्का हवा आहे. दोन मिनिटे थांबायला त्यांची हरकत नाही. पण तेवढ्यात एक शिक्षक नकाशा मागवतात, दुसरे खडू, तिसरे खुर्च्या. शिक्षक लेखनिकाहून वरचे, म्हणून शिपाई गठ्ठा टाकून उठतो. नियमाचा भंग कुठेच झालेला नाही, तरी मुख्याध्यापक खडूंसाठी ताटकळत बसले आहेत.

याला अग्रक्रमाची उलटापालट म्हणतात. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० मध्ये आपल्या अनुभवांच्या निबंधात तिची नोंद केली होती. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोट्स्की यांनी सप्टेंबर १९९० मध्ये तिच्यावरील उपायाचे पूर्ण गणित प्रसिद्ध केले. उपाय साधा आहे. मुख्याध्यापक शिक्क्यासाठी थांबले असतील तोपर्यंत लेखनिकाचा गठ्ठा हे मुख्याध्यापकांचेच काम समजावे. मग खडू मागणाऱ्यांना थांबावे लागते, गठ्ठा पुरा होतो, शिक्का सुटतो आणि लेखनिक पुन्हा आपल्या जागी येतो. याला अग्रक्रमाचा वारसा असे नाव मिळाले.

व्यावसायिक कार्यप्रणाली विकणाऱ्या कंपन्यांनी हा उपाय उचलला, पण बहुधा ऐच्छिक म्हणून. हवा असेल त्याने सुरू करावा. कारण उघड होते. प्रत्येक वेळी कोण कोणासाठी थांबले आहे हे तपासायला थोडा वेळ खर्च होतो, आणि ग्राहक तर प्रणालीच्या वेगाचे आकडे पाहून माल घेत असे.

४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले. ते बांधले होते त्याच जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने, जिथल्या लेलँड यांनी चोवीस वर्षांपूर्वी तो निबंध लिहिला होता. यानावर विंड रिव्हर या कंपनीची व्हीएक्सवर्क्स ही कार्यप्रणाली होती. उतरणे देखणे झाले, छायाचित्रे जगभर छापून आली, आणि काही दिवसांतच यानाचा संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होऊ लागला. मिळालेली माहिती नष्ट होत नव्हती, पण त्या दिवशीची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात.

यानातील सर्व उपकरणांची देवाणघेवाण एका सामाईक तारेवरून होई आणि सेकंदाला आठ वेळा तिचा हिशेब लागे. एक वरच्या क्रमांकाचे काम आलेली माहिती वाटून देई. त्याच्याही वरचे एक काम, वाटप वेळेत झाले की नाही, हे पुढच्या फेरीच्या तोंडाशी तपाशी. झाले नसेल तर काहीतरी गंभीर बिघडले असे समजून संगणक नव्याने सुरू करावा, अशी योजना होती. हवामानाची माहिती गोळा करणारे काम अगदी खालच्या क्रमांकाचे. ते माहिती घेताना एक कुलूप लावी आणि वाटपाच्या कामालाही त्याच कुलपाची गरज पडे. मधल्या क्रमांकाची कामे हवामानाच्या कामाला उठवून लावीत, कुलूप तसेच राही, वाटप अडे, आणि तपासनीस येऊन सगळेच बंद करी. शिक्का, गठ्ठा आणि खडू, तंतोतंत.

हे कुलूप प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी स्वतः लावलेले नव्हते. कार्यप्रणालीच्या पोटातील, माहिती पुढे सरकवण्याच्या एका तयार सोयीत ते दडलेले होते आणि त्याच्यापुरता वारशाचा पर्याय बंद होता. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे अचानक बंद पडणे दिसले होते. पुन्हा घडवून आणता येईना, म्हणून ते बाजूला ठेवले गेले. उतरण्याच्या घटकेवर सर्वांचे लक्ष होते आणि ते योग्यही होते. शिवाय मंगळावर सगळे अपेक्षेपेक्षा चांगले घडले. अँटेना नेमकी रोखता आली, अपेक्षेहून जास्त माहिती पाठवता येऊ लागली, म्हणून कामेही वाढवली गेली. इतक्या चांगल्या दिवसाची चाचणी कोणी घेतलीच नव्हती, असे आज्ञावली गटाचे प्रमुख ग्लेन रीव्ज यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले.

दोष सापडला तो जमिनीवरील जुळ्या यंत्रात. कोणते काम कधी चालले, कोण कुठे अडले याची नोंद ठेवणारी सोय आज्ञावलीत कायम ठेवली होती, म्हणून उलटापालट डोळ्यांनी पाहता आली. पर्याय चालू केला तर त्या तयार सोयीचा वापर करणाऱ्या इतर सर्व कामांचे वागणे बदलणार होते. म्हणून कंपनीशी विचारविनिमय झाला, पुन्हा चाचण्या झाल्या आणि मग एक लहानशी दुरुस्ती मंगळाकडे रवाना झाली. ती पोहोचायला दहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. संगणकाचे हे दुखणे थांबले आणि यानाने सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत माहिती पाठवली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे वक्तशीर प्रणालींच्या संशोधकांची परिषद भरली. विंड रिव्हरचे डेव्हिड विल्नर यांनी तिथे ही हकीकत सांगितली. शा, राजकुमार आणि लेहोट्स्की तिघेही सभागृहात होते. भाषण संपल्यावर त्यांना उभे राहण्याची विनंती करण्यात आली. उलटापालटीची नोंद होऊन सतरा वर्षे झाली होती, उपायाचे गणित छापून सात.

यानंतर हा दोष अभ्यासक्रमात आला. पण दरम्यान अडचण दुसरीकडेच सरकली आहे. अपोलोच्या संगणकात एका आज्ञेला किती वेळ लागेल हे कोष्टकात पाहता येई. आजचा प्रोसेसर नेहमी लागणारी माहिती जवळच्या छोट्या स्मृतीत ठेवतो आणि पुढची आज्ञा कोणती असेल याचा अंदाजही बांधतो. अंदाज बरोबर आला तर काम झटकन होते, चुकला तर कितीतरी पट उशीर. सरासरी सुधारली आणि 'जास्तीत जास्त' सांगणे अवघड झाले. एकाऐवजी अनेक प्रोसेसर आल्याने तर जुने गणितही पुरेना. सुदर्शन ढाल आणि लिऊ यांनी १९७८ मध्येच दाखवले होते की, प्रोसेसर कितीही असले तरी कामांची विशिष्ट जुळणी झाल्यास एका प्रोसेसरच्या भाराहून किंचित जास्त भारालाही मुदत चुकू शकते. चार शिपाई नेमले म्हणजे चौपट कामे वेळेवर होतीलच असे नाही.

जगभर वापरली जाणारी लिनक्स ही कार्यप्रणाली वक्तशीर करण्याचे काम या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले. ती बांधली होती सरासरी वेगासाठी, त्यामुळे तिच्या पोटातील कुलपे एकेक करून बदलावी लागली. ती सारी दुरुस्ती मूळ प्रणालीत सामावून घेतली गेली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत, सुमारे वीस वर्षांनी. शेवटपर्यंत अडून राहिलेला भाग म्हणजे प्रणाली स्वतःच्या प्रकृतीविषयी पडद्यावर जे संदेश छापते, ती साधी छपाई. संदेश छापून होईपर्यंत बाकी सगळे खोळंबून राहत असे.